वडी, खडा आणि संगणकाची चिप

एका प्रोसेसरने काम भागले नाही, तर संगणकात दोन, चार, आठ प्रोसेसर जोडता येतात. मग आठांच्या ताकदीची एकच मोठी चिप का करीत नाहीत? उत्तर वड्यांच्या थाळीत सापडेल.

थाळीत वड्या थापल्या आणि मिश्रणात काही खडे राहिले, तर ज्या वडीत खडा, ती वाया गेली. चिपचेही तसेच आहे. सिलिकॉनच्या गोल चकतीवर पुष्कळ चिप्स एकदमच तयार करतात आणि मग चकती कापतात. धुळीचा सूक्ष्म कणही चिप निकामी करू शकतो.

समजा, चकतीवर १६० चिप्स मावतात आणि ५० दोष वाटेल तसे विखुरले आहेत. काही चिप्सवर दोन-तीन दोष पडतील. म्हणून संभाव्यतेच्या गणिताने सुमारे ११७ चिप्स चांगल्या निघतील. आता चिप चौपट मोठी करा. चकतीवर ४० मावतील, पण चांगल्या निघतील जेमतेम ११! चकती मात्र तीच आणि खर्चही तोच. शिवाय कारखान्यातून ठराविकच चकत्या बाहेर पडतात आणि नवा कारखाना उभारायला अब्जावधी डॉलर लागतात. म्हणून चकतीचा प्रत्येक चौरस मिलिमीटर मोलाचा.

एएमडी या अमेरिकन कंपनीने २००३ साली ऑप्टेरॉन प्रोसेसर आणला. तो जर्मनीत ड्रेस्डेन येथे, २०० मिलिमीटर व्यासाच्या चकत्यांवर तयार होई. त्याच्यात तीन जोडमार्ग होते. ८०० मालिकेत तिन्ही मार्गांनी दुसरे प्रोसेसर जोडता येत, २०० मालिकेत एकाच मार्गाने, तर १०० मालिकेत एकानेही नाही. एकाच आराखड्यातून तीन प्रकारचा माल निघाला.

पुढे कंपनीने आपले कारखाने वेगळे काढले. २०१९ साली तिने ६४ गाभ्यांचा एपिक प्रोसेसर केला, तो आठ-आठ गाभ्यांच्या आठ छोट्या चिप्स जोडून. बाहेरच्या जगाशी देवाणघेवाण करणारी नववी चिप जुन्या पद्धतीने केली. नव्या पद्धतीच्या चकत्या गाभ्यांसाठी राखल्या. अर्थात, एका चिपमधून दुसरीत संदेश जायला वेळ आणि वीज जास्त लागते. जोडणीची ही किंमत मोजावीच लागते.

करून पाहा: ८ सेंटिमीटर बाजूच्या चौरसात १६ समान घरे आखा आणि मोहरीचे ५ दाणे टाका. रिकामी घरे मोजा. मग तोच चौरस ४ घरांचा समजून पुन्हा मोजा. किती उरली?