पाणी किती वेळ तग धरतं?

दोन कप चहाचं पाणी उकळायला साधारण एक लाख जूल ऊर्जा लागते. तीच ऊर्जा शंभर नॅनोसेकंदांत मोकळी केली, तर तेवढ्या निमिषापुरती शक्ती होते एक लाख कोटी वॅट. पल्स्ड पॉवर ती हीच. साठवायचं सावकाश, सोडायचं एका झटक्यात.

या विद्येचे आद्य गुरू जे. सी. मार्टिन. सगळे त्यांना चार्ली म्हणत. ब्रिटनच्या ऑल्डरमॅस्टन इथल्या अण्वस्त्र संशोधन केंद्रात त्यांची नोकरी होती आणि अडचण फोटोची होती. स्फोटकांच्या दाबाने आक्रसणाऱ्या जाड धातूचं क्ष-किरणचित्र हवं होतं, तेही धातू जागचा हलण्याआधी. त्यासाठी मोठ्या विद्युतदाबाचा, पण अगदी आखूड झटका लागत होता.

संधारित्रं समांतर भारून एकसरीत रिकामी करायची युक्ती जर्मनीच्या एर्विन मार्क्स यांची, १९२४ सालची. झटका आखूड करणारी दुहेरी वाहिनी अ‍ॅलन ब्लुमलाइन यांची. हा अभियंता १९४२ मध्ये रडारच्या चाचणीवर असताना विमान कोसळून गेला. मार्टिन यांनी ही उसनी हत्यारं जुळवली आणि त्यांत पाणी ओतलं! शुद्ध पाणी विद्युतभार भरपूर साठवतं, पण मायक्रोसेकंदांपुरतंच. मग ठिणगी पडते.

कधी पडते? मार्टिन यांनी मोजून मोजून ठोकताळा बसवला: विद्युतक्षेत्र, काळाचं घनमूळ आणि विद्युतअग्राच्या क्षेत्रफळाचं दशममूळ यांचा गुणाकार जवळजवळ स्थिर राहतो. धन टोकाशी तो ०.३, ऋण टोकाशी ०.६. म्हणजे धन बाजू निम्म्या ताणातच हात टेकते. का, याचा सिद्धान्त नंतर बघू. यंत्र आज उभं करायचंय, हा त्यांचा खाक्या. रोधक हवा, तर नळीत मोरचुदाचं पाणी भरायचं. मला तरी ही काटकसर हुशारीपेक्षा मोठी वाटते.

त्यांच्या टिपणांचं पुस्तक निघालं थेट १९९६ मध्ये. पल्स्ड पॉवरसाठीच्या एर्विन मार्क्स पुरस्काराचे मात्र पहिले मानकरी तेच, १९८१ साली.

आपल्या तुर्भ्यात, भाभा अणुसंशोधन केंद्रात, ‘काली-५०००’ आहे. किलो अँपिअर लिनिअर इंजेक्टर, हे त्याचं साधं पूर्ण नाव. आद्याक्षरांतून काली झाली, आणि क्षेपणास्त्रं भस्म करण्याच्या वावड्या उठल्या. यंत्र मात्र इलेक्ट्रॉनांचे आखूड झोत सोडतं. त्यात मार्क्स जनरेटर आहे, ब्लुमलाइन वाहिनीही आहे. मार्टिन नावाचा सुटा भाग मात्र कुठल्याच यंत्रात नसतो.