मासा मेला, तरी पाणी ओतू नका

फिशटँकमधला मासा अचानक मेला की घरात दोन कामं लगबगीने होतात. मेलेला मासा जाळीने उचलून फेकला जातो, आणि टाकी रिकामी करून, घासूनपुसून पुन्हा भरली जाते. मृत्यूचं कारण सांगू शकले असते असे दोन्ही साक्षीदार त्यात जातात. म्हणून सगळ्यात आधी एक स्वच्छ बाटली टाकीत बुडवून काठोकाठ भरावी, झाकण पाण्याखालीच लावावं, आणि तापमान व पीएच तिथल्या तिथे मोजावेत. पाणी उघडं राहिलं तर त्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि पीएचचा आकडा वर सरकतो. तासाभराने मोजलेला पीएच माशाने सोसलेला पीएच नसतो.

मग विचारायचं, कोण कोण मेलं आणि कोणत्या क्रमाने? एका रात्रीत सगळी टाकी गेली, तर संशय पाण्यावर किंवा विषावर. दोन-चार दिवसांच्या अंतराने एकेक मासा गेला, तर बहुधा रोग. मोठे मासे आधी गेले आणि लहान तगले, तर ऑक्सिजन कमी पडला असावा. फायटर आणि गुरामी यांना कल्ल्यांच्या वर हवेतला ऑक्सिजन घेणारा एक खास अवयव असतो. बाकी सारे मेले आणि गुरामी मात्र ठणठणीत फिरतोय, तर यापेक्षा बोलका पुरावा कुठला हवा?

ऑक्सिजनच्या बाबतीत आपल्या इंदूरची स्वतःची एक अडचण आहे. पाणी जितकं गरम, तितका त्यात ऑक्सिजन कमी मावतो. समुद्रसपाटीवर 20 अंश सेल्सिअसच्या एक लिटर पाण्यात सुमारे 9.1 मिलिग्रॅम मावतो, 30 अंशांना 7.5. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण 550 मीटर उंचीवर असल्याने हवेचा दाबच कमी, आणि हा आकडा आणखी घसरून 7.1च्या आसपास येतो. मे महिन्यात रात्री लाइट गेली, पंप थांबला आणि टाकीत मासे दाटीने असले, तर एवढ्याशा शिलकीवर पहाट गाठायची असते. टाकीतल्या वनस्पतीही अंधारात ऑक्सिजन घेतच असतात, त्यामुळे तो सर्वात कमी होतो सूर्योदयाच्या जरा आधी. मासे सकाळी मेलेले सापडतात ते बहुधा यामुळे.

घरच्या टाकीत सर्वाधिक बळी मात्र अमोनियाचे असतात. मासा आपला अमोनिया मुख्यतः कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. नदीत तो वाहून जातो, टाकीत मात्र माशाभोवतीच साठत राहतो. मग टाकी टिकते कशी, या प्रश्नामागे एका बापलेकाची विलक्षण गोष्ट आहे. लंडनचे रसायनतज्ज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी 1850 साली केमिकल सोसायटीपुढे एक प्रयोग मांडला. काचेच्या भांड्यात दोन गोल्डफिश आणि पाणवनस्पती होत्या. कुजणारी पानं पाणी नासवू लागली तेव्हा त्यांनी ती खाणाऱ्या गोगलगायी सोडल्या आणि पाणी निवळलं. घरातल्या मत्स्यालयाची कल्पना रुजली ती अशा प्रयोगांमधून. पण त्या निवळ पाण्यात डोळ्यांना न दिसणारं कोण राबत होतं, हे त्यांना कळणं शक्य नव्हतं. ते उलगडण्यात मोठा वाटा त्यांच्या मुलाचा. त्याचंही नाव रॉबर्ट वॉरिंग्टन. रॉथमस्टेडच्या शेती-संशोधन केंद्रात मातीवर काम करताना त्याने दाखवलं की अमोनियाचं नायट्रेट एका झेपेत होत नाही. एक जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. वडिलांच्या काचपात्रात हेच चाललं होतं, आणि मुलाला ते शेतात सापडलं! विज्ञानाच्या इतिहासात असा योग फार थोड्या घरांना लाभला आहे.

हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर, खड्यांवर, काचेवर वस्ती करतात, आणि नव्या टाकीत ती वस्ती बसायला साधारण महिना ते दीड महिना लागतो. वाढदिवसाला टाकी आणून त्याच दिवशी दहा मासे सोडले, तर पहिल्याच पंधरवड्यात ते का मरतात, याचं उत्तर इथे आहे. स्पंज नळाखाली खसखसून धुणं म्हणजे ही वस्ती उठवणं. तो टाकीतून काढलेल्याच पाण्यात हलके पिळावा.

आता ज्या मृत्यूने माणसं सर्वाधिक चक्रावतात, तो मृत्यू. टाकी जुनी, मासे वर्षभर सुखात, आणि पाणी बदलल्यावर काही तासांत सगळे गेले. घरचे म्हणतात, ‘आम्ही तर साफ केलं होतं!’ पुष्कळ घरांत फिशटँकला आरओचं पाणी घालतात, कारण ते शुद्ध. पण आरओ पाण्यातले क्षारही काढून घेतं, आणि जिवाणूंच्या कामातून तयार होणारं आम्ल शोषायला त्यात काही उरत नाही. महिनोनमहिने पीएच उतरत जातो. आम्लधर्मी पाण्यात जिवाणूंचं काम मंदावतं, अमोनिया साठतो, पण तो जवळजवळ सगळा अमोनियम या निरुपद्रवी रूपात. 28 अंशांच्या पाण्यात पीएच 6.5 असताना हजारातले फक्त दोन भाग विषारी अमोनिया असतात. अशा टाकीत एके दिवशी बोरिंगचं पाणी भरलं, की माळव्याच्या काळ्या बेसाल्टमधून आलेलं ते क्षारयुक्त पाणी पीएच 8.2पर्यंत चढवू शकतं. तिथे हजारातले शंभर भाग विषारी होतात. अर्धी टाकी बदलून निम्मा अमोनिया काढून टाकला, तरी उरलेला आधीच्या वीसपटीहून जास्त मारक ठरतो.

प्लास्टिकच्या पिशवीतही हेच घडतं. चेन्नईच्या कोळत्तूरहून किंवा कोलकात्याहून लांबचा प्रवास करून येणाऱ्या माशाच्या पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच उतरलेला असतो, आणि त्यामुळेच साठलेला अमोनिया त्याला बाधत नाही. पिशवी उघडून तासन्‌तास थेंबथेंब पाणी घालत बसलं, तर वायू निघून जातो, पीएच चढतो आणि अमोनिया जागा होतो. लांबून आलेल्या पिशवीचं तापमान आधी टाकीशी जुळवावं आणि उघडल्यावर मासा फार वेळ तिच्यात ठेवू नये. पिशवीतलं पाणी टाकीत जाऊ द्यायचं नाही.

नळाच्या पाण्याचं दुखणं निराळं. नर्मदेचं पाणी 1978 साली इंदुरात आलं. जलूदहून सुमारे 70 किलोमीटर, विंध्य चढून येणाऱ्या या पाण्यात, सगळ्या शहरी पाण्याप्रमाणे, क्लोरीन असावाच लागतो. भारतीय मानकानुसार लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम. अमेरिकी पर्यावरण संस्थेने गोड्या पाण्यातल्या जीवांसाठी ठरवलेली तीव्र मर्यादा आहे 0.019. माणसाला वाचवणारी मात्रा माशाच्या मर्यादेच्या दहापट आहे. पाणी दिवसभर हवा सोडत ठेवलं, किंवा सोडियम थायोसल्फेटचे थेंब घातले, तर हा धोका टळतो. नळ आले म्हणून पाइप थेट टाकीत सोडणं तेवढं टाळावं.

आणि पाणी निर्दोष निघालं तर खोलीतल्या हवेकडे बघावं. डास मारणाऱ्या लिक्विडमध्ये, कॉइलमध्ये आणि स्प्रेमध्ये पायरेथ्रॉइड गटाची रसायनं असतात. माणसाचं शरीर ती झटपट मोडतं, माशाला ते फारसं जमत नाही, म्हणून ती त्याला अतिशय मारक ठरतात. टाकीचा एअर पंप खोलीतली हीच हवा ओढून पाण्यात सोडतो. फवारणीच्या दिवशी टाकी झाकून पंप काही वेळ बंद ठेवावा. दिवाळीआधीच्या रंगकामालाही हाच नियम.

शेवटी मासा. कल्ल्याचं झाकण उचलून रंग पाहावा: ताजा लाल ठीक, फिकट असेल तर रक्तक्षय किंवा परजीवी, चॉकलेटी असेल तर नायट्राइट, कारण नायट्राइट रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजन वाहण्यालायक ठेवत नाही. हे सगळं लवकर करावं लागतं, गरम पाण्यात कल्ले तासाभरात विरघळू लागतात. गोल्डफिशच फक्त मेले, बाकी जातींना काही झालं नाही, आणि पाणी 15 ते 25 अंशांच्या दरम्यान असेल, म्हणजे इंदूरच्या हिवाळ्यात, तर 1990च्या दशकात जपानमध्ये प्रथम ओळखल्या गेलेल्या आणि पुढे भारतातही आढळलेल्या हर्पिस विषाणूची शंका घ्यावी. त्याचं निदान प्रयोगशाळेतच होतं. त्यासाठी महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारून पाहावं. मासा पिशवीत, पिशवी बर्फावर, आणि सोबत ती भरलेली बाटली. फ्रीजरमध्ये मात्र ठेवायचा नाही, कारण बर्फाचे स्फटिक पेशी फाडतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यासारखं काही उरत नाही.