'कॅबर्ने शिराझ' म्हणजे काय? दोन द्राक्षांची एक वाईन कशी होते, आणि बागायतदारानं काय बघावं

दिंडोरी : आपल्या भागातल्या वायनरीच्या बाटलीवर 'कॅबर्ने शिराझ' हे नाव बऱ्याच जणांनी वाचलं असेल. हे एका द्राक्षाचं नाव नाही. कॅबर्ने सोव्हिन्यो आणि शिराझ हे दोन वेगळे वाण आहेत, त्यांच्या मिश्रणातून ही लाल वाईन होते. अशा वाईनला 'ब्लेंड' म्हणतात. गावात काही जण याला भेसळ समजतात, पण तसं नाही. भेसळ लपवून करतात. इथं दोन्ही वाणांची नावं बाटलीवर छापलेली असतात.

दोन वाण एकत्र का?

दोघांचा स्वभाव वेगळा. कॅबर्नेचा मणी बारीक, साल जाड. आतला रस पांढराच असतो, लाल वाईनला रंग आणि तुरटपणा येतो तो सालीतून. म्हणून कॅबर्ने कडक कोऱ्या चहासारखी जिभेला ओढते. शिराझ जरा भरदार. तिच्यात जांभूळ-करवंदासारखी चव आणि मागून काळ्या मिरीचा वास येतो. बहुतेक वेळा दोन्ही वाण वेगवेगळे तोडून वेगळ्या टाक्यांत आंबवतात. मग चाखून प्रमाण ठरवतात. घरचा काळा मसाला करताना कशाचा हात किती, हे जसं ठरतं तसंच.

दुसरं कारण हवामान. फ्रान्सच्या बोर्दो भागात मर्लो हा वाण लवकर पिकतो, कॅबर्ने उशिरा. पावसानं एकाला झोडपलं तरी दुसरा सावरून घेतो. कॅबर्ने-शिराझ ही जोडी मात्र ऑस्ट्रेलियात नावारूपाला आली. तिथं ज्या वाणाचं प्रमाण जास्त, त्याचं नाव आधी लिहितात.

आपल्याकडे कसं जमतं?

नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंचीवर आहे. ऑक्टोबर छाटणीनंतरचा माल थंडीत वाढतो आणि जानेवारी ते मार्चमध्ये तोडणीला येतो. दिवसाच्या उन्हानं गोडी भरते, रात्रीच्या गारव्यानं आंबटपणा टिकतो. वाईनला दोन्ही लागतं. 'नाशिक व्हॅली वाईन'ला भौगोलिक मानांकनही आहे.

कशाबरोबर?

मटण सुक्कं, भाजलेलं चिकन, पनीर, भरली वांगी यांच्याबरोबर ही वाईन जुळते. मटणाच्या चरबीनं तुरटपणा मऊ होतो. झणझणीत रस्सा असेल तर मात्र तिखट आणि तुरट दोन्ही अंगावर येतात. तिथं थोडी गोडसर, थंड केलेली शेनिन ब्लांक ही पांढरी वाईन बरी. लाल वाईनही आपल्या उन्हाळ्यात प्यायच्या आधी अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावी. एक लक्षात ठेवा, यात साधारण १३ टक्के अल्कोहोल असतं. म्हणजे ही दारूच. पिऊन गाडीला हात लावू नका.

बागायतदारासाठी महत्त्वाचं

ब्लेंडचं प्रमाण वायनरी दरवर्षी बदलू शकते. यंदा शिराझ जास्त, पुढच्या साली कमी. आपली बाग मात्र एकदा लावली की पंधरा-वीस वर्षांसाठी असते. थॉमसनचा सौदा मोडला तर दुसरा व्यापारी येतो, नाहीतर बेदाणा करता येतो. शिराझ-कॅबर्नेचा बारीक, बी असलेला, जाड सालीचा माल बाजारात खायला कोण घेणार? २००८-०९ च्या मंदीनंतर वायनऱ्यांची खरेदी घटली, तेव्हा जिल्ह्यात अनेकांना वाईनच्या बागा काढाव्या लागल्या.

म्हणून लागवडीआधी लेखी करार करा. त्यात एवढं स्पष्ट हवं :

१. कोणता वाण, किती एकर, आणि करार किती वर्षांचा.
२. ब्रिक्स किती हवी. लाल वाईनला साधारण २२ ते २४ लागते. मोजणार कोण आणि कुठे, बागेत की वायनरीच्या गेटवर, तेही लिहून घ्या.
३. गोडी कमी भरली तर दर किती कापणार.
४. पैसे तोडणीनंतर किती दिवसांत मिळणार.
५. वायनरीला त्या वाणाची गरज उरली नाही, तर ठरलेला माल उचलणार की नाही.

पाचव्या मुद्द्यावर समोरून गोलमोल उत्तर आलं, तर रोपांची ऑर्डर देण्याची घाई करू नका.