सावलीतील रानहळद
(नभोवाणीवरून केलेले भाषण)

बागेविषयी बोलावयाचे म्हटले की गुलाब, मोगरा, शेवंती यांचीच नावे आधी तोंडावर येतात. ही सारी उन्हाची लेकरे. परंतु शहरातील पुष्कळ घरांना आज ऊन मिळते कोठे? शेजारची इमारत, जुना आंबा किंवा वरच्या मजल्याची गॅलरी यांच्या छायेत एखादा कोपरा कायमचा ओस पडलेला असतो. मी राहतो त्या मुळशी तालुक्यातील भूगावीही, पौड रस्त्याने पुण्याची वस्ती येऊन पोहोचल्यापासून, हीच तक्रार ऐकू येते. अशा कोपऱ्याला शोभा आणणारी आपल्या सह्याद्रीतील एक वनस्पती म्हणजे रानहळद. तिच्याविषयी चार शब्द सांगण्याचे मी आज योजिले आहे.

पावसाळ्यात मुळशीच्या पुढे ताम्हिणीकडे ज्यांनी प्रवास केला असेल, त्यांनी झाडांखाली तिला पाहिले असेल. पाने घरच्या हळदीसारखीच, रुंद आणि शिरांमुळे घड्या पडल्यासारखी. श्रावण-भाद्रपदात पानांच्या मधून कणसासारखा तुरा वर येतो व त्याच्या शेंड्याला गुलाबी पाकळ्यांचा झुबका दिसतो. येथे डोळे फसतात. त्या पाकळ्या नव्हेत, ती रंगीत पाने होत. वनस्पतिशास्त्रात त्यांना छदे म्हणतात. तुऱ्याची खालची हिरवी छदे कडेने एकमेकांस जोडलेली असल्याने त्यांच्या चिमुकल्या पिशव्या होतात, आणि खरे फूल, पिवळे व लहानसे, त्या पिशवीतून डोकावते. फूल लवकर कोमेजते, छदांचा रंग मात्र पुष्कळ दिवस टिकतो. रोपवाटिकांतून ‘सयामी ट्यूलिप’ या नावाने जे रोप विकतात, ते ट्यूलिप नसून थायलंडकडील हळदीच्याच कुळीचे आहे, आणि त्याची शोभाही अशीच छदांची आहे.

या रानहळदीचे शास्त्रीय नाव कर्क्युमा स्यूडोमोंटाना. ते जॉन ग्रॅहॅम याने दिले. हा गृहस्थ मुंबईच्या टपाल खात्यातील अधिकारी. वनस्पतींचा नाद त्याने नोकरी सांभाळून केला. मुंबई व आसपासच्या वनस्पतींची त्याची सूची १८३९ साली प्रसिद्ध झाली, पण ती पुरी होण्याआधीच त्याच वर्षी तो वारला. उरलेले काम निमो याने पुरे केले. नावाचा अर्थ ‘खोटी डोंगरी’ असा. डोंगरी म्हणून नाव मिळालेल्या दुसऱ्या एका हळदीसारखी ही दिसते, पण ती नव्हे, एवढाच त्याचा भाव. एरवी डोंगराशी हिच्याइतके इमान राखणारी झाडे थोडी!

पुढे मुंबईच्या सेंट झेव्हियर महाविद्यालयातील फादर सांतापाव यांनी हिचा बारकाईने अभ्यास केला व १९४५ साली त्यावर लेख लिहिला. हिची मौज अशी की ती दोनदा फुलते. पावसाच्या आरंभी, पाने पुरती उलगडण्याआधी, एक तुरा बाजूने जमिनीतूनच निघतो. आणि पुढे पाने भरल्यावर दुसरा त्यांच्या मधून येतो. पानांवाचून पहिला तुरा कशाच्या बळावर येतो? अर्थात कंदात साठविलेल्या गतवर्षीच्या अन्नाच्या बळावर. जून ते ऑक्टोबर एवढाच काय तो हिचा कमाईचा काळ. मग पाने पिवळी पडून झडतात, आणि उरलेले सात-आठ महिने कंद मातीखाली झोपी जातो. ज्या रानात हिवाळ्यानंतर पाणी नाही आणि झाडांची सावलीही विरळ होते, तेथे जगण्याची ही रीत शहाणपणाचीच म्हटली पाहिजे.

ही झोप न ओळखल्याचा अपराध माझ्या हातून घडला आहे. मुळशीकडील एका नातलगांचे शेत विकले गेले. बांधावरच्या बांबूच्या बेटाखाली रानहळद असे. जमीन सपाट होण्यापूर्वी त्यांनी मला तीन कंद काढून दिले. पहिला पावसाळा उत्तम गेला. कार्तिकात पाने वाळली, तेव्हा माझा जीव राहवेना. एका कुंडीत रोज तांब्याभर पाणी ओतीत गेलो. माघात माती उकरली तो कंदाचा चिखल झालेला. ज्या दोन कुंड्या आळसाने कोरड्या राहिल्या, त्या मृगाच्या सरींनी कोंभ धरून उठल्या. शेताच्या जागी आज घरे आहेत. तेव्हा गेलेला कंद पुन्हा मागावयाचा कोणाकडे, हे आपणच सांगावे.

आता कृती. फूटभर रुंदीची, तळाशी भोके असलेली कुंडी घ्यावी. माती, कुजलेला पालापाचोळा आणि थोडी वाळू मिसळून भरावी. मेअखेर कंद दोन इंच खोल पुरावा. जागा अशी हवी की सकाळचे कोवळे ऊन तास-दोन तास यावे आणि दुपारची सावली असावी. अगदी अंधारात पाने येतात, तुरा येत नाही. ताम्हिणीचा धो-धो पाऊस पुण्याच्या बाजूस नाही. म्हणून श्रावणात उघडीप पडली तर पाणी घालावे, पण ते साचू देऊ नये. हिरवी पाने कापू नयेत. पुढच्या वर्षाची शिदोरी तीच भरतात. पाने वाळली की पाणी बंद करावे, कुंडी छपराखाली ठेवावी आणि तिच्यावर ‘कंद जिवंत आहे’ अशी चिठ्ठी लावावी. नाहीतर दिवाळीच्या साफसफाईत रिकामी कुंडी समजून घरचीच माणसे ती पालथी करतात.

शेवटी एक विनंती. कंदाच्या लोभाने रानात कुदळ नेऊ नये. ताम्हिणीचे जंगल २०१३ पासून अभयारण्य आहे; तेथील झाड उपटणे हा कायद्याने गुन्हा आहे, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे कृतघ्नपणा आहे. घरची हळद शेतकरी कंदानेच वाढवितो. हिचेही तसेच करता येते. दोन-तीन वर्षांनी कुंडी भरली की उन्हाळ्यात कंद विभागून शेजाऱ्यास द्यावा. माझ्या दोन कुंड्यांच्या आज अकरा झाल्या असून त्यांतील सात इतरांच्या घरी आहेत. कंद देताना मी एकच अट घालतो, की हिवाळ्यात तिला निजू द्यावे.