सरावाच्या कळा व खऱ्या कळा

आठव्या महिन्यांत एखाद्या संध्याकाळीं पोट एकाएकीं दगडासारखें कडक होतें आणि घरांत धांवपळ उडते. भंडारा जिल्ह्याच्या दक्षिणेस लाखांदूरकडील खेड्यांतून जिल्ह्याच्या रुग्णालयाची वाट लांब. तेथें उशीर झाला तर जिवावर बेततें. म्हणून कळ ओळखतां आली पाहिजे.

इंग्रज वैद्य जॉन ब्रॅक्स्टन हिक्स यांनीं १८७२ सालीं वर्णिलेल्या सरावाच्या कळांनीं गर्भाशयाचें तोंड उघडत नाहीं. त्या अनियमित येतात, जोर धरीत नाहींत. धानाच्या रोवणींत दिवसभर वांकून राबलेल्या, तहानलेल्या बाईला त्या अधिक जाणवतात. पाणी पिऊन, लघवी करून, डाव्या कुशीवर पडलें कीं बहुधा ओसरतात.

खऱ्या कळा विश्रांतीनें थांबत नाहींत. त्यांतील अंतर घटत जातें, जोर वाढत जातो. यास्तव घड्याळ जवळ ठेवून प्रत्येक कळेची वेळ टिपावी. मात्र सदतीस आठवडे भरण्यापूर्वीं कळा नियमित येऊं लागल्या, किंवा केव्हांही अंगावरून पाणी वा रक्त गेलें, बाळाची हालचाल मंदावली, तर मोजीत बसूं नये; १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी. तपासून परत यावें लागलें, तरी ती फेरी व्यर्थ नव्हे.