साहेबाचे घर, पडवी आपली

भारतयात्रेला जाणारे आपले बांधव मुंबईत बोरीबंदरचे भव्य स्टेशन पाहतात आणि क्रॉफर्ड मार्केटात खरेदीला जातात. या दोहोंच्या जवळच, १८५७ साली स्थापन झालेल्या सर जे. जे. कलाशाळेच्या आवारात, हिरव्या रंगाचे लाकूड-दगडाचे एक जुने घर उभे आहे. लोक त्याला ‘किपलिंगचा बंगला’ म्हणतात.

इंग्रज लेखक रडयार्ड किपलिंग यांचा जन्म ३० डिसेंबर १८६५ रोजी याच आवारात झाला. त्यांचे वडील लॉकवुड किपलिंग या शाळेत शिल्पकला शिकवीत. मात्र आजचा बंगला १८८२ च्या सुमाराचा आहे. म्हणजे जागा खरी, छप्पर दुसरे!

मग या घराचे मोल कशात? आम्हांला वाटते, त्याच्या बांधणीत. इंग्लंडच्या खेड्यातले घर थंडीसाठी असते. जाड भिंती, लहान खिडक्या, आत शेकोटी. ऊब बाहेर जाऊ द्यायची नाही. मुंबईत हे गणित उलटे. ऊन अडवायचे, वारा आत घ्यायचा आणि आषाढातला पाऊस भिंतीपासून दूर ठेवायचा. म्हणून साहेबाच्या घराला रुंद व्हरांडा आला आणि उतरते छप्पर भिंतीपुढे झुकले. ‘बंगला’ हे नावसुद्धा इथलेच, अर्थ बंगाली पद्धतीचे घर. राज्य साहेबाचे होते, पण घर बांधताना त्याला या मातीचे ऐकावे लागले. कोकणात आपले पूर्वज घराला पडवी काढीत, तीही याच कारणासाठी.

आपल्या बेटावरही मोका येथील ‘युरेका’सारख्या जुन्या घरांची ‘वारांग’ हेच काम करते. १९६० च्या कॅरोल वादळात असंख्य घरे कोसळली आणि पुढे सिमेंटची घरे वाढली. वादळात ती टिकतात, म्हणून त्यांना नावे ठेवणे बरे नव्हे. परंतु सपाट छताखाली दुपारी जीव कासावीस होतो, तेव्हा वडीलधाऱ्यांचे शहाणपण आठवते. नवीन घर बांधताना पुढे चार हात सावली ठेवायला काय हरकत आहे?

थोरांच्या घरांवर पाट्या लागतात. आपल्या आजोबांच्या घरांवर कोण लावणार? या सुट्टीत मुलांनी घरातील वृद्धांना विचारावे: जुने घर कशाचे होते, दार कोणत्या दिशेला होते, पावसाळ्यात सारे कुठे बसत? उत्तरे वहीत लिहावीत, घराचे चित्र काढावे. घर पडले तरी ती वही राहील.