पदवीचे पाणी कोठे मुरते?

तापीकाठचे बऱ्हाणपूर मराठी माणसाला परके नाही. उदगीरच्या १७६० सालच्या लढाईनंतर ते मराठ्यांच्या हाती आले आणि आजही रावेरकडून आगगाडीने जाणाऱ्यास राज्याची सीमा कोठे ओलांडली हे बोलीवरून ओळखणे कठीण जाते. या नगरीत १६१५ च्या सुमारास बांधलेली एक जलयोजना आहे. सातपुड्यात झिरपलेले पाणी भुयारांनी जोडलेल्या शंभरावर कुंड्यांतून, यंत्रावाचून, निव्वळ उताराच्या बळावर गावाकडे येते. कुंडी भंडारा म्हणतात तो हाच. या भुयारांत चुन्याचे थर साचतात; ते वेळेवर खरवडले नाहीत, तर प्रवाह क्षीण होतो. डोंगरात पाणी असते. अडते ते वाटेत.

आपल्या उच्च शिक्षणाचे याहून निराळे काय आहे? महाविद्यालयात शिरणाऱ्यांची संख्या वाढली म्हणून आपण पाठ थोपटून घेतो. परंतु शिरलेल्यांपैकी ठरल्या मुदतीत पदवी घेऊन बाहेर पडले किती, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. यंत्रमागावर राबणाऱ्या बापाचा मुलगा अथवा केळीच्या मळ्यात मजुरी करणाऱ्या आईची मुलगी यांच्या दृष्टीने एक वर्ष म्हणजे पंचांगाचे पान नव्हे. ते बुडालेल्या रोजगाराचे, फिरून भरावयाच्या शुल्काचे आणि कित्येकदा मुलीच्या शिक्षणाला कायमचा पूर्णविराम देणारे वर्ष असते. श्रीमंताचा मुलगा एक वर्ष मागे पडतो. गरिबाचा मुलगा मात्र शिक्षणातूनच बाहेर पडतो.

हा दोष विद्यार्थ्यांच्या आळसावर ढकलणे सोयीचे आहे, पण प्रामाणिक नाही. मध्य प्रदेशात २०२०-२१ मध्ये परिचर्या अभ्यासक्रमास प्रवेश घेतलेल्यांची प्रथम वर्षाची परीक्षा २०२३ च्या फेब्रुवारीपर्यंत लांबली आणि तेव्हाही महाविद्यालयांच्या मान्यतेतील गैरप्रकारांमुळे न्यायालयाने तिला स्थगिती दिली. न्यायालयाचा रोष रास्त होता. दंड मात्र भरला विद्यार्थ्यांनी. आम्ही किनाऱ्यावरच्यांनीही नाक वर करण्याचे कारण नाही. परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत, आणि फार तर ४५ दिवसांत, निकाल लावावा असा महाराष्ट्राचा २०१६ चा विद्यापीठ कायदा सांगतो. त्यानंतरच्या वर्षीच मुंबई विद्यापीठाचे उन्हाळी परीक्षांचे निकाल सप्टेंबरपर्यंत रेंगाळले आणि ऑक्टोबरात कुलगुरूंना पद गमवावे लागले. कुलगुरू गेले; विद्यार्थ्यांचे गेलेले महिने कोणी परत दिले?

बऱ्हाणपूर २००३ साली स्वतंत्र जिल्हा झाला, तरी तेथील महाविद्यालयांचा कारभार दीर्घकाळ इंदूरच्या देवी अहिल्या विद्यापीठाकडे राहिला. २०२४ साली निमाडाकरिता खरगोन येथे टंट्या भिल्ल यांच्या नावाने विद्यापीठ स्थापन झाले. त्याचे आम्ही स्वागत करतो. तथापि विद्यापीठ नकाशावर जवळ आल्याने निकाल जवळ येतोच असे नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२४ च्या अखेरीस एक वाट मोकळी केली. हुशार विद्यार्थ्याला मुदतीआधी पदवी संपवता यावी आणि अडचणीतल्याला फार तर दोन सत्रे अधिक मिळावीत, असा तो विचार आहे. त्याआधीच्या धोरणाने एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची मुभा दिलीच होती. या सवलती चांगल्या आहेत. पण गळतीला ‘निर्गमन’ असे भारदस्त नाव दिल्याने गळती थांबत नाही. बाहेर जाण्याची दारे वाढवणाऱ्यांनी आत टिकून राहण्याची सोयही पाहिली पाहिजे.

ती कशी पाहावी, याचे उदाहरण न्यूयॉर्कच्या नगर विद्यापीठाने घातले आहे. तेथे २००७ साली गरीब विद्यार्थ्यांसाठी एक योजना सुरू झाली. पूर्ण वेळ शिकण्याच्या अटीवर शुल्कातील तूट भरून देणे, पुस्तकांना मदत, प्रवासाचा पास आणि वारंवार भेटणारा एक सल्लागार, एवढाच तिचा ऐवज. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा रीतीने निवडलेल्या दोन गटांची तुलना झाली, तेव्हा तीन वर्षांत पदविका मिळवणारे योजनेत ४० टक्के आणि योजनेबाहेर २२ टक्के आढळले. विद्यार्थी तेच, बुद्धी तीच. फरक पडला तो हाताशी कोणी असल्याचा.

आम्हांला हे नवे वाटू नये. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा व शिका’ हा मंत्र दिला तो याच जाणिवेतून. मध्य प्रदेशातील ‘गाँव की बेटी’ योजना बारावीत प्रथम श्रेणी मिळवलेल्या ग्रामीण मुलीला वर्षातील दहा महिने दरमहा ५०० रुपये देते. पण ज्यांची प्रथम श्रेणी थोडक्यात हुकली, त्यांच्या बसभाड्याचे काय? पहिल्या सत्रात एक विषय राहिला की त्याच आठवड्यात विद्यार्थ्याला बोलावून विचारपूस करणारा प्राध्यापक, परीक्षेचे न मोडणारे वेळापत्रक आणि प्रवासाची व पुस्तकांची सोय, एवढ्यासाठी नव्या इमारतींची गरज नाही.

१९४२ साली असंख्य तरुणांनी आपली शैक्षणिक वर्षे हसत देशाच्या स्वाधीन केली. तो त्याग होता, कारण तो त्यांचा निर्णय होता. आज विद्यार्थ्यांची वर्षे कोणाच्या तरी टेबलावर पडून वाया जातात. त्याला त्याग म्हणत नाहीत. त्याला चोरी म्हणतात. चारशे वर्षांपूर्वीच्या भुयारातील थर खरवडावे लागतात हे बऱ्हाणपूरला ठाऊक आहे. विद्यापीठांना ते केव्हा कळणार?